फवाऱ्याआधी नजर

उन्हाळ्यात घरी निवांत बसलेल्या माणसाकडे दोन गोष्टी मुबलक असतात : वेळ आणि कीटक. वेळेचे काय करायचे हे त्याला सुचत नाही. कीटकांचे काय करायचे हे मात्र आधीच ठरलेले असते. खिडकीच्या काचेवर काही फडफडले, भिंतीच्या कोपऱ्यात काही सरपटले, की हात फवाऱ्याच्या डब्याकडे जातो. तो जीव कोण होता, कुठून आला, काय करत होता, हे त्याच्या जिवंतपणी कुणी विचारत नाही आणि तो मेल्यावर तर प्रश्नच मिटतो.

मी कीटक मारण्याच्या सरसकट विरोधात नाही. कानाशी गुणगुणणारा डास मीही दोन्ही हातांत चिरडतो, आणि त्या पापाने माझी झोप उडते असे मुळीच नाही. उलट त्यानंतरच ती लागते. माझी तक्रार न बघता मारण्याबद्दल आहे. ही सवय घराच्या उंबरठ्याशी थांबत नाही. तीच पुढे धूरफवारणीच्या गाडीवर चढते, रस्त्यावरच्या दिव्यांच्या निवडीत दिसते, बागेतल्या प्रत्येक खाल्लेल्या पानावर औषध मारण्याच्या सल्ल्यात दिसते. म्हणून हा आवडीनिवडीचा मामला राहत नाही. औषध मारण्याआधी समोर कोण आहे ते पाहायचे, ही अट माणसाने घरात आणि प्रशासनाने गावात स्वतःला घालून घ्यावी, असे माझे म्हणणे आहे. आणि हे पाहणे म्हणजे रिकामटेकड्यांचा छंद आहे असे ज्यांना वाटते, त्यांना सार्वजनिक आरोग्याचा इतिहास ठाऊक नाही असे मी म्हणेन.

सुरुवात खिडकीपासूनच करू. अनेक घरांत एक लहानशी काळी गांधीलमाशी काचेवर रेंगाळताना दिसते. पाय लांब, पोट अगदीच इवलेसे, आणि ते पोट ती सतत वर-खाली हलवत असते. दिसायला जराशी भीतीदायक, त्यामुळे चपलेचा पहिला फटका तिलाच बसतो. ही माशी माणसाच्या वाटेला जात नाही. ती घरात येते झुरळांच्या अंड्यांसाठी. झुरळाची मादी अंडी एका कठीण, तपकिरी डबीत भरून फटीत चिकटवते. ही माशी ती डबी शोधून तीत आपले एक अंडे घालते आणि तिची अळी आतली सगळी अंडी फस्त करून बाहेर पडते. म्हणजे ती खिडकीवर दिसली तर समजावे, घरात कुठेतरी झुरळे आहेत आणि त्यांचा बंदोबस्त करणारे कुणीतरी आपण न बोलावता कामाला लागले आहे. आपण त्या कामकऱ्याला मारतो आणि मग झुरळांचे औषध आणायला निघतो.

दुसरी कुंभारमाशी. ओल्या मातीच्या गोळ्या तोंडात धरून ती दाराच्या चौकटीवर नाहीतर पडद्याच्या घडीत घर लिंपते. आत एकेक कोळी आणून ठेवते. ते कोळी मेलेले नसतात. डंखाने लुळे पडलेले असतात, म्हणून कुजत नाहीत. त्यातल्या एकावर ती अंडे घालते, खोलीचे तोंड लिंपून टाकते आणि निघून जाते. पुढची पिढी त्या शिदोरीवर वाढते. मोहोळ करून राहणाऱ्या गांधीलमाश्या घर राखण्यासाठी तुटून पडतात, तशी ही पडत नाही. ती एकटी असते आणि खोली बंद झाली की तिचा त्या घराशी संबंध संपतो. तरीही ते मातीचे घर काठीने पाडणे हा उन्हाळ्यातला ठरलेला उद्योग. तोंडासमोर येऊन हवेत थबकणारा काळाभोर भुंगा हेही असेच प्रकरण. लाकडात बीळ करणाऱ्या या भुंग्यांमधला असा अंगावर येणारा गडी बहुतेक वेळा नर असतो, आणि नराला डंखच नसतो. डंख हे अंडी घालण्याच्या अवयवाचे बदललेले रूप असल्यामुळे मधमाश्या, गांधीलमाश्या, मुंग्या या सगळ्यांत डंख मारू शकते ती फक्त मादी. नराचे सगळे शौर्य आवाजात.

ही उदाहरणे कौतुकासाठी दिलेली नाहीत. विज्ञानाने आजवर कीटकांच्या सुमारे १० लाख जातींना नावे दिली आहेत आणि न ओळखलेल्या जाती याहून कितीतरी अधिक असाव्यात असा अंदाज आहे. झुरळांच्याच साडेचार हजारांच्या आसपास जाती आहेत. माणसाच्या वस्तीत घुसणाऱ्या त्यांतल्या जेमतेम तीस. बाकीच्या रानात पालापाचोळा खाऊन असतात आणि त्यांचे आपल्याशी काही देणेघेणे नसते. इतक्या प्रचंड गर्दीतल्या मूठभर जातींशी आपले भांडण आहे. त्या मूठभर ओळखता येत नाहीत म्हणून सगळ्यांवर शस्त्र उगारायचे, याला शिस्तबद्ध बंदोबस्त म्हणता येत नाही.

शिवाय हे शस्त्र स्वतःच बोथट होत जाते. स्विस रसायनशास्त्रज्ञ पाउल म्युलर यांना डीडीटीचा कीटकनाशक गुण सापडला १९३९ मध्ये. त्यासाठी त्यांना नोबेल मिळाले १९४८ मध्ये. या दोन तारखांच्या मधल्या काळातच युरोपात डीडीटीला दाद न देणाऱ्या घरमाश्या दिसू लागल्या होत्या. पुरस्कार पोहोचायच्या आधी माश्यांचा जबाब पोहोचला. झुरळांची गोष्ट याहून सुरस आहे. गोड आमिषात विष मिसळून ठेवण्याची पद्धत निघाली आणि काही वर्षे फार यशस्वी ठरली. मग काही ठिकाणची ‘जर्मन’ जातीची झुरळे आमिषाला तोंड लावीनाशी झाली. संशोधकांनी १९९३ मध्ये दाखवले की या झुरळांना ग्लुकोज नावडू लागले आहे. का, ते २०१३ मध्ये कळले : त्यांच्या चवीच्या ज्या पेशी कडू पदार्थाने चाळवतात, त्याच आता ग्लुकोजनेही चाळवतात. साखर त्यांना कडू लागते. विषारी गोडाला भुलणारी मेली, जन्मतःच गोड न आवडणारी उरली आणि त्यांचीच प्रजा वाढली. डब्यावर मोठ्या अक्षरात ‘खात्रीशीर’ असे छापणाऱ्यांनी हे बारीक अक्षरात तरी छापायला हवे होते.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. हिवतापाने आजही जगात दरवर्षी सुमारे ६ लाख माणसे मरतात आणि त्यांत आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुले सर्वांत जास्त. डेंग्यूने घरेच्या घरे आडवी होतात. अशा वेळी ‘आधी नीट बघा’ हा सल्ला सुखवस्तू माणसाचा चोचला वाटू शकतो. ज्याचे मूल तापाने फणफणले आहे त्याला कुंभारमाशीच्या कारागिरीत रस नसणार, आणि नसावाच.

पण डासांशी झालेल्या लढायांत माणूस जिंकला तो कसा, हे तपासले तर काय दिसते? ब्रिटिश लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस सिकंदराबादला डासांची पोटे चिरून हिवतापाचे जंतू शोधत होते. कित्येक महिने त्यांच्या हाती काही लागले नाही, कारण ते चुकीच्या जातींचे डास तपासत होते. त्यांच्याकडे डासांची शास्त्रीय नावेही नव्हती. करडे, पट्ट्यांचे, ठिपकेदार पंखांचे अशी ते रूपावरून वर्गवारी करत. २० ऑगस्ट १८९७ रोजी ठिपकेदार पंखांच्या डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांना ते जंतू दिसले. त्या दिवसाचे सगळे श्रेय सूक्ष्मदर्शकाला दिले जाते. माझ्या मते त्यातला निम्मा वाटा ‘हा डास त्या डासासारखा नाही’ हे लक्षात येण्याला द्यायला हवा.

पिवळ्या तापाचेही तसेच. हा ताप एका विशिष्ट डासामार्फत पसरतो असे क्यूबातले डॉक्टर कार्लोस फिनले १८८१ पासून सांगत होते. त्यांचे म्हणणे खरे ठरायला वीस वर्षे गेली. मग १९०१ मध्ये विल्यम गोर्गस या लष्करी डॉक्टरने हवाना शहरात मोहीम उघडली. त्यात रुग्णांच्या घरात धुरी देणे होते, हे मान्य. पण मोहिमेचा कणा वेगळाच होता. तपासनीस घरोघर जाऊन पाण्याची पिंपे, हौद, फुटकी भांडी पालथी घालत, अळ्या शोधत, झाकणे बसवून घेत आणि अळ्या सापडल्या तर दंड करत. डीडीटीचा कीटकनाशक गुण सापडायला अजून जवळजवळ चार दशके होती. त्याच वर्षी हवानातला पिवळा ताप संपला, आणि पुढे पनामा कालव्याच्या कामावर हीच पद्धत वापरली गेली. अळी पाण्यात कुठे वाढते हे कुणीतरी वाकून पाहिले होते, म्हणून हे जमले.

औषधात बुडवलेल्या मच्छरदाण्यांचे उदाहरण माझ्या विरोधात जाईल असे कुणाला वाटेल. त्या मच्छरदाण्यांनी आफ्रिकेत लाखो जीव वाचवले आणि त्यांच्यावर कीटकनाशकच असते. बरोबर. पण ते नेमके कुठे असते? हिवतापाचा डास रात्री, झोपलेल्या माणसाला चावायला येतो हे ठाऊक असल्यामुळे विष त्या एका जागी, त्या एका वेळी त्याच्या वाटेत ठेवले गेले. विषाला नजरेने दिशा दिली.

याच्या शेजारी आता धूरफवारणी ठेवून बघा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास चावतो प्रामुख्याने दिवसा. त्याची मादी घरातल्या आणि घराभोवतालच्या साठलेल्या, बऱ्यापैकी स्वच्छ पाण्याजवळ अंडी घालते : कुंडीखालची बशी, टायर, न झाकलेली टाकी. अंडी पाण्याच्या काठाशी भांड्याच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. पुन्हा पाणी आले की फुटतात. उबदार हवेत अंड्यापासून उडत्या डासापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. धुराने मरतो तो त्या क्षणी हवेत उडणारा डास. पाण्यातल्या अळीला त्याचा पत्ताही नसतो, भिंतीला चिकटलेल्या अंड्याला तर नाहीच. गाडी रस्त्याने जाते तेव्हा लोक दारे-खिडक्या लावून घेतात, आणि एडिस बसलेला असतो आत, कपाटामागे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना अशी फवारणी साथीच्या आणीबाणीत वापरण्याचे साधन मानते. बाकी वेळी भर आहे तो डास जिथे वाढतात त्या जागा नाहीशा करण्यावर. आणि या फवाऱ्यांत वापरली जाणारी औषधे डास आणि मधमाशी असा भेद करत नाहीत. पाण्यातल्या माशांना तर ती फारच घातक.

मग ती इतकी लोकप्रिय का? कारण धूर दिसतो. मोठा आवाज होतो, पांढरे लोट उठतात, काहीतरी चालले आहे असे सगळ्या वस्तीला कळते. कुंडीखालची बशी उलटी करून ठेवणाऱ्या आरोग्यसेविकेचा फोटो कुठे छापून येत नाही. नागरिकही तक्रार करतात ती ‘यंदा एकदाही धूर मारला नाही’ अशी. ‘यंदा आमच्या घरी अळ्या तपासायला कुणी आले नाही’ अशी तक्रार मी अजून ऐकलेली नाही. प्रशासन लोकांना जे हवे तेच देते; लोकांनी चुकीची गोष्ट मागितली तर चुकीची गोष्ट उत्साहाने देते.

अलीकडच्या काळातले डेंग्यूविरुद्धचे सर्वांत आशादायक पाऊलही बघण्यातूनच आले आहे. १९२४ मध्ये दोन अमेरिकी संशोधकांना साध्या घरगुती डासाच्या शरीरात वोल्बाकिया नावाचा जिवाणू आढळला. त्याचा उपयोग काय, असे त्यांना कुणी विचारले असते तर सांगण्यासारखे त्यांच्याकडे काही नव्हते. पुढे कळले की हा जिवाणू एडिसच्या अंगात सोडला की डेंग्यूचा विषाणू त्यात नीट वाढत नाही. इंडोनेशियातल्या योग्यकार्ता शहरात असे डास सोडून चाचणी झाली आणि २०२१ मध्ये निष्कर्ष आले : जिथे हे डास सोडले त्या भागांत डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी कमी. डास मारून नव्हे, जास्तीचे डास सोडून.

औषधाखेरीज आणखी एका मार्गाने आपण न बघता कीटक मारतो : दिव्याने. रात्री दाराबाहेरच्या दिव्याभोवती घिरट्या घालणारे पतंग दिव्यावर भाळलेले असतात, अशी कविकल्पना आपण पिढ्यान्‌पिढ्या गिरवली. वेगवान कॅमेऱ्यांनी चित्रण करून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने वेगळेच दाखवले. उडणारे कीटक पाठ उजेडाकडे ठेवून उडतात. लक्षावधी वर्षे रात्री आकाश जमिनीपेक्षा उजळ असायचे, त्यामुळे पाठ उजेडाकडे म्हणजे पाठ वर, इतका साधा हिशोब होता. दिवा शेजारी आला की तो हिशोब बिघडतो. कीटक दिव्याकडे पाठ करत वळत राहतो आणि त्या वळणातून सुटू शकत नाही. दिवा खाली असेल तर उलटा होऊन कोसळतो. ज्याला आपण ओढ समजत होतो, ती दिशाभूल आहे. रात्रभर फिरून तो दमतो, पालीच्या तोंडी जातो किंवा सकाळी पायरीवर पडलेला सापडतो.

हे एकदा कळले की उपाय अगदी साधे निघतात. दिव्यावर टोपी बसवून उजेड खाली पाडणे, निळसर पांढऱ्याऐवजी पिवळसर प्रकाश वापरणे, गरज नसेल तेव्हा बंद करणे. यातल्या एकाही गोष्टीत माणसाचे नुकसान नाही, वीज मात्र वाचते. तरी रस्त्यावरचे दिवे निवडताना हा मुद्दा कुणी विचारात घेतो असे दिसत नाही. काजव्यांची मादी आणि नर एकमेकांना प्रकाशाच्या खुणांनी शोधतात; त्यांच्या अंधारावर आपण दिवे ओतले आणि आता काजवे बघायला दूरवर सहली काढतो.

‘घरी बसून मुंग्या बघणे’ या शब्दांत जी हेटाळणी आहे तिच्याकडे आता वळतो, कारण मला वाटते खरी अडचण तिथे आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सर जॉन लबक नावाचे गृहस्थ होते. व्यवसायाने बँकर, शिवाय संसद सदस्य. त्यांनी घरात काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये माती भरून मुंग्यांची वारुळे पाळली होती. त्यांच्याकडची एक राणी मुंगी चौदा-पंधरा वर्षे जगली. मुंगी इतकी जगते हे त्यापूर्वी कुणाच्या गावीही नव्हते, कारण तितकी वर्षे एका मुंगीकडे कुणी पाहिलेच नव्हते. माणसाला न दिसणारे अतिनील किरण मुंग्यांना जाणवतात हेही त्यांनी दाखवले : तो प्रकाश पडला की मुंग्या आपले कोष उचलून दुसरीकडे नेत. याच लबक यांनी १८७१ मध्ये ब्रिटनमध्ये बँकांना आणि पर्यायाने नोकरदारांना सार्वजनिक सुट्ट्या मिळवून देणारा कायदा संमत करून घेतला. या दोन गोष्टी एका माणसाने केल्या हा योगायोग असेलही. मला तो अर्थपूर्ण वाटतो. सुट्टी हा हक्क आहे असे मानणारा माणूसच त्या सुट्टीत मुंगीसमोर तासन्‌तास बसू शकतो.

पण लबक श्रीमंत होते, हेही खरे. फुरसत ही वाटून मिळणारी गोष्ट नाही. म्हणून चार्ल्स टर्नर यांचे नाव घ्यायला हवे. हे अमेरिकेतले कृष्णवर्णीय प्राणिशास्त्रज्ञ. शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवूनही त्यांना संशोधन करता येईल अशी विद्यापीठातली जागा मिळाली नाही. सेंट लुइसमधल्या एका शाळेत ते शिकवत राहिले आणि उरलेल्या वेळात, बागेत, स्वतः तयार केलेल्या रंगीत चकत्या आणि पेट्या मांडून मधमाश्यांना रंग कळतात हे त्यांनी १९१० मध्ये दाखवून दिले. झुरळे अनुभवातून शिकतात यावरही त्यांचे काम आहे. ना प्रयोगशाळा, ना अनुदान. म्हणजे बघायला पैसा लागतोच असे नाही. बघणाऱ्याला ‘दुसरे काही काम नाही का’ असे कुणी हटकू नये, एवढे मात्र लागते. आपण हटकतो. जमिनीवर पालथे पडून मुंग्यांची रांग न्याहाळणाऱ्या पोराला उठवून शिबिरात घालतो आणि सुट्टी सत्कारणी लागली म्हणतो.

आणि अशा बिनकामाच्या बघण्यातूनच गेल्या काही दशकांतली सर्वांत अस्वस्थ करणारी नोंद जगासमोर आली. जर्मनीतल्या क्रेफेल्ड शहरात १९०५ मध्ये स्थापन झालेली कीटकप्रेमींची एक संस्था आहे. सदस्य बहुतेक हौशी. पोटापाण्याचे उद्योग वेगळे. त्यांनी संरक्षित क्षेत्रांत तंबूसारखे सापळे लावून, दरवेळी त्याच पद्धतीने, पकडलेले कीटक बाटल्यांत भरून, तोलून, तारखा घालून ठेवले. त्या नोंदींवरचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ६३ ठिकाणे, २७ वर्षे; उडणाऱ्या कीटकांचे एकूण वजन ७६ टक्क्यांनी घटलेले. आणि भर उन्हाळ्यात, म्हणजे कीटक सर्वाधिक असायला हवेत तेव्हा, घट ८२ टक्के. ही रहदारीच्या चौकातली मोजणी नव्हती, निसर्गासाठी राखून ठेवलेल्या जागांमधली होती.

या आकड्यावरून ‘जगातले तीन चतुर्थांश कीटक संपले’ असे मथळे झळकले. ते चूक होते. २०२० मध्ये जगभरच्या १६६ दीर्घकालीन पाहण्या एकत्र करून झालेल्या अभ्यासात जमिनीवरच्या कीटकांत दर दशकाला सुमारे ९ टक्के घट आणि गोड्या पाण्यातल्या कीटकांत सुमारे ११ टक्के वाढ दिसली. चित्र सर्वत्र सारखे नाही. कुठे पाणी स्वच्छ केले तिथे सुधारलेही आहे. मला यातली दुसरीच गोष्ट जास्त खुपते. या बहुतेक नोंदी युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या आहेत. कीटकांच्या सर्वाधिक जाती जिथे राहतात त्या उष्ण प्रदेशांत अशा बाटल्या फारशा कुणी भरून ठेवलेल्या नाहीत. तिथे घट झाली असेल तर कशाच्या तुलनेत झाली, हे सांगणारे कुणी नाही. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये मासेमारीबद्दल एक निरीक्षण मांडले होते : प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी पाहिलेली स्थिती हीच मूळ स्थिती समजते, त्यामुळे एकूण ऱ्हास किती झाला हे कुठल्याच पिढीला दिसत नाही. कीटकांबाबत तर आपण तरुणपणीही काही पाहत नाही. मग उणे कशातून करायचे?

कीटक कमी झाले तर बिघडते काय, असे म्हणणाऱ्यांसाठी ऑस्ट्रेलियाचे उदाहरण पुरेसे आहे. युरोपीय वसाहतवाल्यांनी तिथे गुरे नेली, पण गुरांच्या शेणाचा निकाल लावणारे शेणकिडे नेले नाहीत. तिथले स्थानिक शेणकिडे कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले. ओल्या शेणाचे काय करायचे ते त्यांना कळेना. शेण कुरणांवर तसेच वाळत पडू लागले, गवत खाली दबले आणि त्या शेणात माश्यांची पैदास अशी झाली की उघड्यावर उभे राहणे मुश्कील. अखेर १९६० च्या दशकात सरकारी संशोधन संस्थेने परदेशातून शेणकिडे आणून सोडायला सुरुवात केली. ज्या किड्याकडे बघून माणसे नाक मुरडतात, तो एका देशाला सरकारी खर्चाने आयात करावा लागला.

मला कुणालाही कीटकांवर प्रेम करायला लावायचे नाही. झुरळ मला स्वतःला किळसवाणे वाटते आणि ते तसेच वाटत राहील याची मला खात्री आहे. वाळवीने दाराची चौकट पोखरली तर तिच्याशी सहजीवनाची भाषा करणारा माणूस मला ढोंगी वाटेल. पण किळस ही भावना आहे, पुरावा नव्हे; तिच्या जोरावर घरात दिवसरात्र विषारी वाफ सोडणारी यंत्रे लावायची किंवा वस्तीभर धूर सोडायचा, हा निर्णय निदान डोळस तरी असावा. ज्या हवेत फवारा मारला तीच हवा घरातले तान्हे मूल घेते, हे सांगायलाही खरे तर कीटकशास्त्र लागू नये.

म्हणून मागणी करायची ती नेमकी करू. घरगुती कीटकनाशकाच्या डब्यावर ते कुठल्या किड्यासाठी आहे याच्याइतक्याच ठळकपणे ते कुठल्या किड्यांवर मारू नये हे चित्रासह छापले जावे. धूरफवारणी करायची असेल तर आदल्या दिवशी वस्तीला कळवावे : कोणते औषध, कोणत्या डासासाठी, किती वाजता, आणि ती वेळ त्या डासाच्या उडण्याची आहे का. अळ्या शोधत घरोघर फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांना तात्पुरती माणसे म्हणून न राबवता नीट प्रशिक्षण आणि कायम नोकरी मिळावी, कारण हवानात १९०१ मध्ये लढाई जिंकली ती त्यांच्याच पूर्वसुरींनी. आणि वर्षअखेरीच्या अहवालात अमुक लिटर औषध फवारले हा आकडा मिरवण्याऐवजी, किती घरे तपासली, त्यांतल्या किती घरांत अळ्या सापडल्या, महिन्याभराने पुन्हा तपासल्यावर किती घरांत उरल्या, हे तीन आकडे वॉर्डनिहाय जाहीर व्हावेत.